बांधावरची वस्तू: वेगवेगळ्या पेशांची माणसं एका कामावर आणायची तर

जुलैत दोन दिवस झड लागली, की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर आधी विचारतो, "राजारामला किती फूट?" कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. आकडा एकच, पण तो कानावर पडला की जो तो आपापल्या कामाला लागतो. पाटबंधारे खात्याचा अभियंता राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटलेलं पाणी इथवर यायला किती तास घेईल, ते मांडून बघतो. चिखली-आंबेवाडीत जनावरं कुठं न्यायची याची बोलणी सुरू होतात. सुतारवाड्यात गाठोडी बांधली जातात. शाहूपुरीतला दुकानदार खालच्या फळीवरची पोती माळ्यावर चढवतो. एसटीचा नियंत्रक कुठल्या मार्गाची गाडी वळवायची ते बघतो, दूध संघात टँकरच्या फेऱ्यांची जुळणी होते, आणि शाळेतली पोरं सुट्टीचा मेसेज यायची वाट बघतात.

यातल्या कुणाला दुसऱ्याचं काम कळतं असं नाही. क्युसेक म्हणजे काय ते दुकानदाराला विचारू नका, आणि माळ्यावर किती पोती मावतात ते अभियंत्याला विचारू नका. तरी शहर हलतं, कारण मध्ये एक आकडा ठेवलेला आहे आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ५५ फुटांच्या पुढं गेला, तेव्हा कुणी त्याचा अर्थ समजावून सांगत बसलं नव्हतं.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, डेव्हलपमेंट विभागात बरीच वर्षं काढली. ड्रॉइंग काढणारा, पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत उमटवतात तो नमुना) करणारे मिस्त्री, वाळूचा साचा करणारा मोल्डर, ओतलेला भाग कापून-घासून मापात आणणारं मशिन शॉप आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभं राहणं हे माझं काम. तिथं दिवसभरात निम्मी भांडणं एकमेकांचं न कळल्यामुळं होत. पुढं अपार्टमेंटच्या पुराच्या तयारीत पडलो, तर तिथंही तेच. या दोन्ही ठिकाणी एक पद्धत उपयोगी पडली: सगळ्यांच्या मध्ये एक सामाईक वस्तू ठेवायची, जी जो तो आपापल्या कामासाठी वाचेल, त्या आकड्यासारखी. ती जशी केली तशी इथं लिहितो. तुमचं काम दवाखान्यातलं असो, शेतकरी गटाचं असो की बांधकामाच्या साइटवरचं, माणसं दोन-तीन पेशांची असली की ती लावून बघता येईल.

कल्पना मुळात कुठली

सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रीझमर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली ही कल्पना मांडली. त्यांनी अभ्यासाला घेतलं होतं कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथलं पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय. ते १९०८ मध्ये सुरू झालं. पैसा ॲनी अलेक्झांडर या हौशी संग्राहक बाईंचा, आणि संचालक जोसेफ ग्रिनेल हे प्राणिशास्त्रज्ञ. प्राणी आणून देणाऱ्यांत सापळे लावून पोट भरणारे शिकारी होते, हौशी निसर्गप्रेमी होते, आणि वर विद्यापीठाचे कारभारी होते. शिकाऱ्याला पैसे हवेत, हौशी माणसाला आपल्या भागातलं वन्यजीवन टिकायला हवं, ग्रिनेल यांना उत्क्रांतीचा प्रश्न सोडवायचा. सगळ्यांचं ध्येय एक करायचं म्हटलं असतं तर संग्रहालय उभंच राहिलं नसतं. ग्रिनेल यांचा आग्रह ठरावीक गोष्टींपुरता होता: नमुना धड अवस्थेत हवा, आणि तो कुठं, कधी, कुणी मिळवला याची नोंद हवी. एवढं पाळलं की बाकी ज्याचं कारण त्याच्यापाशी.

अशा वस्तूला त्यांनी 'बाउंडरी ऑब्जेक्ट' म्हटलं. मराठीत सीमावस्तू म्हणता येईल, पण सीमा म्हटलं की आपल्याकडं बेळगावचं आंदोलन आठवतं. मी तिला बांधावरची वस्तू म्हणतो. दोन शेतांमधला बांध दोघांचा असतो. एकाला त्यावर आंबा लावायचा असतो, दुसऱ्याला त्यावरून बैल न्यायचे असतात, आणि दोघांचं भागतं. फक्त त्याची जागा हलता कामा नये. आणि बांध कसा कोरला जातो, तेही आपल्याला सांगायला नको. ते पुढं येईलच.

त्या दोघांनी या वस्तूंचे चार प्रकार सांगितले होते. आपल्या ओळखीच्या गोष्टींत ते असे दिसतात. पहिला, साठा: फाउंड्रीतला पॅटर्नचा रॅक. जो तो आपल्या गरजेचं उचलतो, दुसऱ्याला विचारावं लागत नाही. दुसरा, ढोबळ आकृती: कुणालाच पूर्ण अचूक नसलेला, पण सगळ्यांना कामापुरता पुरणारा नकाशा. तिसरा, एक हद्द आणि आत वेगवेगळा मजकूर: पूररेषांचा नकाशा घ्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा त्याच, पण बिल्डर त्यात परवानगी बघतो, जलसंपदा खातं नदीचं पात्र बघतं, आणि फ्लॅट घेणारा आपली झोप बघतो. चौथा, ठरलेला नमुना: सातबारा. गाव नमुना सातमध्ये मालकी, बारामध्ये पीक. बँकेचा माणूस थेट इतर हक्कांत बोजा शोधतो, वारसदार नाव शोधतो, कृषी सहायक पीकपेरा.

हे प्रकार पाठ करायची गरज नाही. आपल्या हातात त्यांतलं काय आहे, एवढं ओळखता आलं तरी पुरे.

पायरी पहिली: जॉबच्या मागून चाला

मीटिंग बोलवू नका. मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपलं खातं कसं चालायला हवं ते सांगतो. त्याऐवजी एक काम निवडा आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत जिथून जातं तिथून तुम्ही चालत जा. हातात साधी वही. दोनच गोष्टी लिहायच्या: काम एका हातातून दुसऱ्या हातात कुठं जातं, आणि त्या जागी कुठला शब्द वापरला जातो.

शब्दांची यादी केली की डोळे उघडतात. आमच्याकडं 'तयार' या एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. फेटलिंगवाला जॉब, म्हणजे ओतलेला भाग, तयार म्हणे, म्हणजे वाळू झाडून, रनर-रायझर (धातू ओतायच्या वाटांत उरलेले दांडे) तोडून, कडा घासून झाल्या. मशिन शॉपच्या लेखी तयार म्हणजे मशिनवर चढवायला हरकत नाही. डिस्पॅचचा तयार म्हणजे पेटीत बंद आणि बिलासकट. सोमवारी गिऱ्हाइकाचा फोन आला, की तिघंही खरंच सांगत आणि गिऱ्हाईक मात्र फसलं जाई.

या पायरीला आठवडा द्या, घाई करू नका. माझ्या अनुभवात पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा निम्मा माल इथंच गोळा होतो.

पायरी दुसरी: भांडणाची जात ओळखा

व्यवस्थापनाचे अभ्यासक पॉल कार्लाइल यांनी २००४ साली दोन पेशांमधल्या भिंती तीन तऱ्हांच्या असतात अशी मांडणी केली. ती मला फार कामाची वाटते. सोप्या भाषेत सांगतो.

कधी भिंत नुसत्या शब्दांची असते. एकाची मोजणी इंचात, दुसऱ्याची मिलिमीटरमध्ये. यावर उपाय शब्दसूची किंवा कोष्टक. एका दुपारचं काम.

कधी भिंत अर्थाची असते. शब्द तोच, आकडाही तोच, पण बघण्याची जागा वेगळी. दूध संस्थेची पावती घ्या. त्यावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) छापलेलं असतं. म्हैसवाल्याला त्यात दर दिसतो. जनावरांच्या डॉक्टरला फॅट घसरलेलं दिसलं की तो वैरणीची चौकशी करतो, कारण चाऱ्यातला तंतुमय भाग कमी पडला की फॅट उतरतं. संस्थेच्या सचिवाला दोन्ही आकडे एकदम खाली दिसले की पाण्याचा वास येतो. इथं कोष्टकानं काम भागत नाही. एकमेकांना तो आकडा आपण कसा वाचतो ते समोरासमोर दाखवावं लागतं.

आणि कधी भिंत हिताची असते. एकानं समजून घेतलं तरी त्याचं नुकसानच आहे. मिस्त्रीनं पॅटर्न बदलायचा तर त्याचे चार दिवस जाणार आणि पैसे कुणी द्यायचे ते ठरलेलं नाही. इथं वस्तू कितीही सुबक केली तरी आधी खर्च कुणाच्या खात्यावर ते ठरवावं लागतं. हिताचं भांडण अर्थाचं समजून चार्ट करत बसणारे लोक मी भरपूर पाहिले. त्यांत मीही होतो.

पायरी तिसरी: नवीन करण्याआधी जुनी शोधा

बहुतेक ठिकाणी बांधावरची वस्तू आधीच पडलेली असते, तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. भिंतीवरचं कॅलेंडर, टपरीवरची उधारीची वही, वॉर्डातल्या खाटेला अडकवलेला तापाचा कागद. माणसं आपणहून कुठल्या गोष्टीभोवती उभी राहतात, बोट ठेवून काय दाखवतात, ते बघा. ती वस्तू थोडी दुरुस्त करणं नवीन फॉर्म छापण्यापेक्षा कधीही बरं. नवीन फॉर्म म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर आणखी एक काम, आणि ते ज्याच्या डोक्यावर येतं त्याला बहुधा त्यातून काहीच मिळत नसतं.

ही शेवटची गोष्ट पुन्हा सांगण्यासारखी आहे. फॉर्म भरतो मोल्डर आणि फायदा होतो ऑफिसला, असं असेल तर तो फॉर्म तिसऱ्या आठवड्यापासून खोटा भरला जातो. आळसानं नव्हे, माणूस आपला वेळ वाचवतो. म्हणून वस्तू ठरवताना प्रत्येक पेशासमोर एक प्रश्न लिहा: हिच्यात याला स्वतःसाठी काय सापडेल? उत्तर रिकामं राहिलं तर थांबा.

मधेच एक फजिती

आता जे सांगतो ते एका फाउंड्रीत घडलं. नाव घेत नाही.

पंपाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच होतं, ग्रे आयर्नचं, म्हणजे बिडाचं. आमच्याकडं मोजलं की पास, मशिन शॉपमध्ये गेलं की नापास. एका बाजूची भिंत पातळ पडायची. लॉटच्या लॉट परत. मिस्त्रींनी पॅटर्न तीनदा तपासला. ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मीटरभर लांबीला दहा मिलिमीटर जास्त धरायचे; तेही बरोबर होतं. मग मी एक सुंदर चार्ट केला. रंगीत, सगळ्या मापांचा, दोन्ही शॉपमध्ये लॅमिनेशन करून लावला. परत येणारे लॉट थांबले नाहीत.

शेवटी मशिन शॉपचे सुपरवायझर तावातावानं आले. एक जॉब टेबलावर आपटला आणि म्हणाले, "तुमच्या कागदावर बसतंय हो साहेब, माझ्या फिक्स्चरमध्ये बसत नाही. या, दावतो." मी गेलो. ते जॉब पकडत होते बाहेरच्या कच्च्या कडेवर. आम्ही मोजत होतो पार्टिंग लाइनपासून, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथून. दोघांची मापं खरी आणि सुरुवातीच्या जागा वेगळ्या. मधला दोन-अडीच मिलिमीटरचा फरक त्या पातळ भिंतीत जाऊन बसत होता.

त्यानंतर जे केलं ते दिसायला अगदी गावठी. एक चांगला जॉब घेतला आणि मधोमध कापला, भिंतीची जाडी डोळ्यांना दिसावी म्हणून. मालकांना चांगला माल कापायचा जिवावर आलं होतं. दुसऱ्या अख्ख्या जॉबवर पिवळ्या रंगानं सहा ठिपके दिले: मोठ्या पृष्ठभागावर तीन, बाजूला दोन, टोकाला एक. कुठलाही जॉब जागेवर पक्का धरायला एवढे सहा आधार पुरतात, हा मशिन शॉपचा जुना नियम. ठरलं असं की यापुढं दोघांनी मोजायचं ते या ठिपक्यांपासून. दोन्ही तुकडे दोन्ही शॉपच्या मधल्या दारात एका स्टँडवर ठेवले.

मिस्त्री तिथं उभं राहून कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) कुठं सरकतो ते बघू लागले. मोल्डर कापलेल्या तुकड्यात ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली भोकं, शोधू लागला. मशिनवाला ठिपक्यांवर बोट ठेवून नव्या पोराला शिकवू लागला. माझा लॅमिनेशनचा चार्ट पुढं कुणीतरी डब्याखाली घालायला नेला.

पायरी चौथी: कडक काय, सैल काय

त्या ठिपक्यांत सगळी मेख आहे. सहा जागा हलवायच्या नाहीत, हे कडक. बाकी कोण काय बघतो, काय खुणा करतो, हे सैल. सगळंच कडक केलं तर वस्तू सरकारी फॉर्म होते आणि माणसं तिला वळसा घालतात. सगळंच सैल ठेवलं तर प्रत्येक जण तिच्यात आपल्याला हवं ते वाचतो, आणि ते जुळत नाही हे कळतं लॉट परत आल्यावर.

करायचं असं: एका कागदावर, ज्यांच्यावाचून दुसऱ्या पेशाचं काम अडतं अशाच गोष्टी लिहा. आमच्याकडं जॉबला टॅग बांधत, त्यावर पाच होत्या. जॉब नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन (कितवी सुधारित प्रत), हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या वितळणीचा धातू), तारीख, आणि तपासणाऱ्याची सही. यादी सात-आठच्या पुढं जायला लागली, तर तुम्ही बहुधा एकाच खात्याचं काम सगळ्यांच्या गळ्यात मारताय. टॅगची मागची बाजू मुद्दाम कोरी सोडा. आमच्या टॅगांच्या मागं 'वाळू ओली', 'दुसरी पाळी', एकदा तर 'लाइट गेली होती' असं लिहिलेलं सापडलं, आणि रिजेक्शनचं कारण तिथंच होतं.

पायरी पाचवी: पहिला नमुना रांगडाच करा

छापील, चकचकीत वस्तूवर कुणी रेघ मारत नाही. ती पूर्ण झालेली वाटते, म्हणून लोक मान डोलावतात आणि निघून जातात. पुठ्ठा, खडू, पेन्सिल, वाया गेलेल्या कागदाची पाठ: यावर मात्र माणूस बिनदिक्कत खोडाखोड करतो. पहिला नमुना शॉपच्या फरशीवर खडूनं काढला तरी चालेल. किंबहुना तेच चांगलं.

कोल्हापूरला हे नवं नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या दिवसांत बाबूराव पेंटर पोशाख, पात्रं, हालचाली यांची रेखाटनं आधी हातानं करून ठेवत. एक कागद, आणि त्याच्याकडं शिंपी एका नजरेनं बघणार, सुतार दुसऱ्या, नट तिसऱ्या. चित्रकार माणसाच्या हाती पडल्यामुळं असेल, पण आपल्या सिनेमाची सुरुवातच अशा कागदांवर झाली याचं मला अप्रूप वाटतं.

नमुना केलात की कालचं प्रकरण त्यावर लावून बघा. गेल्या महिन्यात जे फसलं ते या वस्तूमुळं आधी लक्षात आलं असतं का? नसेल आलं, तर कडक गोष्टींची यादी चुकली आहे. नव्या कामावर चाचणी घेऊ नका. नव्या कामात सगळे शहाण्यासारखे वागतात.

पायरी सहावी: जागा आणि रखवालदार

वस्तू कुणाच्याही केबिनमध्ये ठेवायची नाही. ती दारात, वाटेत, चहाच्या टेबलापाशी हवी, म्हणजे जाता-येता दिसेल आणि दोन पेशांची माणसं एका वेळी तिच्यापाशी उभी राहू शकतील. मोबाईलवरचा ग्रुप ही चालणारी जागा आहे, पण तिथं वस्तू वर सरकून जाते. पिन केलेला एकच मेसेज ठेवा आणि बदल झाला की तोच दुरुस्त करा, नवा टाकू नका.

रखवालदार एकच नेमा. त्याचं काम वस्तू ताजी ठेवणं. आमच्याकडं ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की जुना नमुना त्याच दिवशी भट्टीत जायचा. स्क्रॅप म्हणून नव्हे, नजरेआड व्हावा म्हणून. जुना नमुना स्टँडवर राहिला की आठ दिवसांत कुणीतरी त्यावरून काम करतंच.

आणि इथं बांध कोरण्याची गोष्ट येते. शेतात कुणी एका रात्रीत बांध खात नाही. दरसाली नांगराचा एक चर पलीकडं, दहा वर्षांत बांध नाहीसा. टॅगचंही तसंच. आधी क्वालिटीवाले एक रकाना वाढवतात, मग अकाउंटवाले एक, मग ऑडिटसाठी म्हणून दोन. प्रत्येक मागणी वाजवी असते. वर्षानं बघावं तर टॅगची मागची बाजू भरलेली असते आणि मोल्डरनं ती वाचणं सोडलेलं असतं. आम्ही नियम केला: एक रकाना वाढवायचा तर एक काढायचा, आणि तो कुठला ते भरणाऱ्यानं सांगायचं. यावरून ऑडिटच्या साहेबांशी माझं वाजलं होतं. नियम राहिला.

रखवालदारासाठी दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस शोधा. आमच्याकडं एक जण आधी मोल्डिंगला होता, पाठ दुखायला लागल्यावर इन्स्पेक्शनला आला. त्याला दोन्हीकडं चहा मिळायचा. अशा माणसाचा हुद्दा बघू नका.

पाण्याचा खांब

आता दुसरं उदाहरण, जरा वेगळं, कारण इथं पगारी माणसं नव्हती.

आमच्या अपार्टमेंटमध्ये २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं. दोन्ही वेळा गोंधळ एकच. राजारामचा आकडा सगळ्यांना ठाऊक, पण त्या आकड्याला आपल्या दारात काय होतं ते कुणालाच नक्की माहीत नाही. सेक्रेटरी म्हणत अजून वेळ आहे. वायरमन म्हणे मीटरची पेटी आत्ता बंद करा. तळमजल्यावरच्या आजी म्हणत, "अरे, मला जिना चढायला अर्धा तास लागतो, मला आधी सांगा की रं." वॉचमनला तर कुणी विचारतच नव्हतं, आणि पाणी पहिल्यांदा बघणारा तोच.

आम्ही पार्किंगमधला एक खांब निवडला. दोन्ही पुरांत लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो गोळा केले. फोटोवर वेळ असते. त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होतं ते त्या दिवसांच्या पूरस्थितीच्या बातम्यांतून आणि प्रशासनाच्या मेसेजमधून काढलं. मग खांबावर ऑइलपेंटनं रेघा मारल्या: पाणी गेटच्या पायरीला लागलं तेव्हा राजारामला इतके फूट, मीटरच्या पेटीच्या तळाला आलं तेव्हा इतके. ते आकडे इथं देत नाही. ते आमच्या खांबाचे आहेत. तुमच्या गल्लीत उतार वेगळा, नाला वेगळा, तुमचे तुम्हीच काढा.

करताना एवढं सांभाळा. दोन पुरांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. एकदा पाणी नदीकडून चढतं, एकदा नाल्यातून फुगून मागं येतं. म्हणून आम्ही एका रेघेसमोर एक आकडा न लिहिता दोन्ही लिहिले, आणि कमी असलेला लाल रंगात. त्या लाल आकड्याच्या एक फूट आधी काय करायचं, ते प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. वायरमननं मेन स्विच. आजींच्या मुलानं आजी. गाडीवाल्यांनी गाड्या कुठल्या उंच जागी लावायच्या ते. वॉचमननं फक्त फोन नंबरांचा क्रम लिहिला, आणि तोच सगळ्यांत उपयोगी मजकूर आहे असं माझं मत.

मीटिंग यासाठी एकच झाली, तीही रंगाच्या डब्याभोवती.

कुठं चालत नाही

स्टार यांनी स्वतः २०१० मध्ये लिहिलं होतं, की लोक आता दिसेल त्या गोष्टीला हे नाव द्यायला लागले आहेत. तक्रार रास्त आहे. एकाच पेशाची माणसं वापरतात ते अवजार बांधावरचं नसतं. वरून हुकूम म्हणून आलेलं आणि कुणालाच बदलता न येणारं सॉफ्टवेअरही नसतं, मग त्यावर कितीही खात्यांची लॉगिन असोत.

मोजमापावरचाच विश्वास उडालेला असेल तिथंही ही वस्तू लंगडी पडते. उसाचं बघा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान दर, साखर उताऱ्याशी (उसातून किती टक्के साखर निघते त्याच्याशी) बांधलेली आहे, सध्या १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा धरतात. कागदावर हा अगदी नमुनेदार सामाईक आकडा: शेतकरी, कारखान्याचा केमिस्ट, बँक, सरकार सगळे तोच वाचणार. पण काटामारीचा संशय असला की शेतकरी उताऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, तो वजनापाशीच थांबतो. अशा वेळी आकडा जास्त सुबक छापून काही होत नाही. वजन बाहेरच्या कुठल्याही काट्यावर करून आणायची मोकळीक द्यावी लागते. आधी काटा, मग कोष्टक.

बिघाड ओळखायच्या खुणाही सांगून ठेवतो. सगळे रकाने एकाच पेननं, एकाच वेळी भरलेले दिसले, तर कागद काम संपल्यावर भरला जातोय. वस्तूवर महिनाभर एकही नवी खूण नाही, तर तिच्यापाशी कुणी उभं राहत नाही. कुणीतरी स्वतःची वेगळी वही ठेवायला लागलं असेल तर त्याला झापू नका. ती वही मागून घ्या आणि वाचा. मुख्य वस्तूत जे मावलं नाही ते तिथं असतं.

आमच्या खांबाला दर मेमध्ये, पाऊस लागायच्या आधीच्या एखाद्या रविवारी, नवा हात देतो. फोन नंबर तपासायचे, सोडून गेलेल्या भाडेकरूंचा मजकूर पुसायचा, नव्यांच्या हातात ब्रश द्यायचा. गेल्या खेपेला बघितलं तर रेघांच्या मधल्या जागेत पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांची उंची, तारखांसकट. सेक्रेटरी थिनरचं फडकं घेऊन पुसायला निघाले होते. वॉचमन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की साहेब, आकडे तर दिसत्यात."

तिथं पेंट लावला नाही.